पूर्वकोठी प्रज्वलन व काष्ठवायू-एंजिने

वायुरूप इंधनावर चालणाऱ्या अंतर्ज्वलन-एंजिनात मुख्य ज्वलनकोठीस जोडून एक लहान कोठी ठेवतात. ठिणगीने प्रथम या लहान कोठीतील मिश्रण पेटवितात व त्यातून निघणारे तप्त वायूंचे झोत बारीक छिद्रांवाटे मुख्य कोठीत शिरून तेथील मिश्रण पेटवितात. या पद्धतीस पूर्वकोठी प्रज्वलन म्हणतात. जे मिश्रण केवळ ठिणगीने नीट पेटत नाही, अथवा पेटले तरी सावकाश व अपुरे जळते, त्याच्यासाठी ही पद्धती विकसित झाली. लाकूड, लोणारी कोळसा, बांबू, धानाचे तूस इत्यादींपासून मिळणारा काष्ठवायू हा अल्प कॅलरीमूल्याचा असल्याने त्याच्या ज्वलनाचा प्रश्नही याच वर्गात मोडतो.

महाराष्ट्रातील चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत हा प्रश्न केवळ यंत्रशास्त्रापुरता राहत नाही. एंजिनात वायू किती लवकर व किती पूर्णपणे जळतो, यावर एका युनिट विजेमागे किती लाकूड लागेल हे ठरते आणि त्यावरून ते लाकूड गावाभोवतीच्या वनातील पडझडीतून भागेल की त्यासाठी झाडे तोडावी लागतील हे ठरते. प्रस्तुत नोंदीत वायू-एंजिनातील प्रज्वलनाच्या विकासाचा आणि या प्रदेशाच्या इंधनसंपत्तीच्या संदर्भात त्याच्या उपयुक्ततेचा आढावा घेतला आहे. [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन, इंधन वायू].

प्रदेश व इंधनसंपत्ती : पूर्वीच्या चांदा (नंतरच्या चंद्रपूर) जिल्ह्याचे २६ ऑगस्ट १९८२ रोजी विभाजन होऊन पूर्वेकडील भागाचा गडचिरोली जिल्हा झाला. त्याच्या क्षेत्रफळाचा सु. तीन-चतुर्थांश भाग वनाखाली असून चंद्रपूर जिल्ह्याचाही एक-तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. आलापल्लीच्या परिसरातील साग इमारती लाकूड म्हणून प्रसिद्ध आहे. सागाखेरीज ऐन, धावडा, बीजा, हळदू, तेंदू, मोह हे वृक्ष व विस्तीर्ण बांबूची बेटे येथे आढळतात. बांबूच्या आधारे बल्लारपूर येथील कागद गिरणीची कंपनी १९४५ मध्ये स्थापन झाली. वनांखेरीज वैनगंगेच्या खोऱ्यातील ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, आरमोरी, देसाईगंज हा पट्टा धानाचा असून तेथील भातगिरण्यांत तूस मोठ्या प्रमाणात निघते. आरागिरण्यांतील भुसा, ढलप्या व कापट्या हाही इंधनाचा एक साठा आहे.

याच प्रदेशाच्या पश्चिम भागात वर्धा खोऱ्यातील दगडी कोळसा आहे. वरोडा येथील खाण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. पुढे बल्लारपूर, घुग्गुस, माजरी, दुर्गापूर येथे खाणकाम वाढले. या कोळशावर चंद्रपूरजवळ उभारलेल्या औष्णिक विद्युत् केंद्रातील २१० मेगॅवॉटचा पहिला संच १९८३ मध्ये चालू झाला. जुने दोन संच निवृत्त झाल्यानंतर या केंद्राची क्षमता २,९२० मेगॅवॉट राहिली. येथील वीज मुंबईच्या दिशेने नेण्यासाठी चंद्रपूर ते पडघे अशी सु. ७५० किमी. लांबीची, ५०० किलोव्होल्ट दाबाची एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९९ मध्ये कार्यान्वित झाली. या वाहिनीने शेकडो किमी. दूर वीज जाऊ लागली, तेव्हाही इंद्रावती व पर्लकोटा या नद्यांच्या परिसरातील विखुरलेल्या वस्त्यांपर्यंत तारा नेणे कठीण व खर्चाचे होते. विरळ लोकवस्ती, पावसाळ्यात बंद पडणारे मार्ग आणि वनातून तारा नेण्यावरील बंधने ही त्याची कारणे होत. गावातच, गावाभोवतीच्या इंधनावर वीज निर्माण करावी, हा विचार या विसंगतीतून पुढे आला.

काष्ठवायूचे स्वरूप : लाकूड अपुऱ्या हवेत तापविले असता प्रथम त्यातील पाणी व बाष्पनशील द्रव्ये निघून जातात व मागे कोळसा उरतो. यांपैकी काही भाग जळून निर्माण झालेले कार्बन डाय-ऑक्साइड व पाण्याची वाफ तापून लाल झालेल्या कोळशाच्या थरातून जाताना त्यांचे क्षपण होते आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन हे ज्वलनशील वायू तयार होतात. हवेवर चालणाऱ्या वायूजनकातून मिळणाऱ्या काष्ठवायूत सामान्यतः कार्बन मोनॉक्साइड १८–२२ टक्के, हायड्रोजन १५–२० टक्के, मिथेन १–३ टक्के, कार्बन डाय-ऑक्साइड १०–१४ टक्के आणि उरलेला जवळजवळ निम्मा भाग नायट्रोजनाचा असतो. त्याचे कॅलरीमूल्य दर घ.मी.ला १,००० ते १,३०० किलोकॅलरी, म्हणजे नैसर्गिक वायूच्या सु. एक-सप्तमांश ते एक-अष्टमांश असते.

यावरून एंजिनाची शक्तीही एक-सप्तमांश होईल असे वाटते. परंतु तसे होत नाही. १ घ.मी. मिथेन जाळण्यास सु. ९.५ घ.मी. हवा लागते, तर तेवढ्याच काष्ठवायूस केवळ १.१ ते १.३ घ.मी. हवा पुरते. सिलिंडरात वायू व हवा यांचे मिश्रण शिरत असल्याने मिश्रणाच्या ऊर्जेची तुलना करणे योग्य ठरते. ती काष्ठवायू-मिश्रणात दर घ.मी.ला सु. २.५ मेगॅजूल, तर मिथेन-मिश्रणात सु. ३.४ मेगॅजूल असते. म्हणजे मूळ तूट सु. एक-चतुर्थांशाचीच असते. प्रत्यक्षात जुन्या एंजिनांत शक्ती ४० ते ५० टक्क्यांपर्यंत घटलेली आढळे. या अधिकच्या घटीस मिश्रणाचा मंद व अपुरा ज्वलनवेग, वायूच्या मार्गातील रोध व तापमान ही कारणे होती. ज्वलन सुधारण्याच्या सर्व प्रयत्नांचा रोख ही टाळता येण्याजोगी घट कमी करण्यावर राहिला.

मिनिटाला १,५०० फेरे करणाऱ्या एंजिनात भुजादंडाच्या ३६ अंशांच्या फिरण्यास केवळ ४ मिलिसेकंद लागतात. एवढ्या अवधीत ज्योतीने कोठीचे दूरचे टोक गाठले पाहिजे. ती मागे रेंगाळल्यास दट्ट्या खाली जाऊ लागल्यावरही ज्वलन चालू राहते, त्या उष्णतेचे कार्यात रूपांतर न होता ती निष्कास वायूंबरोबर निघून जाते आणि काही कार्बन मोनॉक्साइड न जळताच बाहेर पडतो. काष्ठवायूतील हायड्रोजन ज्योतीचा वेग वाढवितो, तर नायट्रोजन व कार्बन डाय-ऑक्साइड तो कमी करतात. कोरड्या लोणारी कोळशापासून केलेल्या वायूत हायड्रोजन कमी असल्याने तो लाकडाच्या वायूपेक्षा स्वच्छ असला, तरी जळण्यास मंद असतो.

प्रज्वलनाचा प्रारंभिक इतिहास : व्यवहारात उपयोगी पडलेले पहिले वायू-एंजिन एत्येन लन्वार यांनी १८६० मध्ये पॅरिस येथे तयार केले. त्यात मिश्रणाचे संपीडन होत नसे व ते विद्युत् ठिणगीने पेटवीत. त्याची औष्णिक कार्यक्षमता ५ टक्क्यांच्या आसपासच होती. निकोलाउस ओटो यांनी १८७६ मध्ये चार धावांचे एंजिन यशस्वी केले. त्यात मिश्रण पेटण्यापूर्वी दाबले जाई. त्या काळची विद्युत् साधने भरवशाची नसल्याने ओटो यांनी ज्योत-प्रज्वलनाचा अवलंब केला. सरकत्या झडपेतील एका लहान खोबणीत वायू भरून तो बाहेरच्या दिव्यावर पेटविला जाई व झडप सरकताच ही पेटती खोबण सिलिंडराच्या तोंडाशी येई. लहान पोकळीत सहज पेटणारे मिश्रण जाळावे व त्या ज्योतीने मोठ्या कोठीतील मिश्रण पेटवावे, हे पूर्वकोठीचे मूळ तत्त्व या रचनेत एका अर्थाने आधीच आढळते. पुढे तप्त नळीने प्रज्वलन करण्याची पद्धत आली आणि बॉश यांच्या कारखान्यात १९०२ मध्ये तयार झालेल्या उच्च दाबाच्या मॅग्नेटोमुळे ठिणगी-गुडदीचा सर्वत्र प्रसार झाला.

ओटो यांची एंजिने शहरांतील दिवाबत्तीच्या कोळसा-वायूवर चालत. जे. इमर्सन डाउसन यांनी १८८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये लहान वायूजनक बनविल्यावर वायूच्या कारखान्यापासून दूर असलेल्या ठिकाणीही वायू-एंजिन चालविणे शक्य झाले. एंजिनाच्या शोषणानेच हवा ओढून घेणारी शोषवायू संयंत्रे १८९० नंतर प्रचारात आली व विसाव्या शतकाच्या आरंभी भारतातही गिरण्या व पंप चालविण्यासाठी ती बसविली गेली. डीझेल एंजिन व वीज यांच्या प्रसाराने ती मागे पडली.

युद्धकालीन अनुभव : दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) पेट्रोलच्या टंचाईमुळे काष्ठवायूला पुन्हा महत्त्व आले. यूरोपात लक्षावधी मोटारगाड्या व ट्रॅक्टर लाकडाच्या वा लोणारी कोळशाच्या वायूवर चालत. एकट्या स्वीडनमध्ये अशा वाहनांची संख्या सत्तर हजारांवर गेली होती. यांतील बहुतेक लाकडी वायूजनक झॉर्झ आंबेर यांनी १९२० नंतरच्या दशकात विकसित केलेल्या अधोगामी पद्धतीचे होते. या पद्धतीत वायू वरून खाली येताना तप्त कोळशाच्या अरुंद गळ्यातून जातो व त्यातील बरेचसे डांबर मोडले जाते.

भारतातही मागे वा बाजूस कोळशाची भट्टी जोडलेल्या बसगाड्या रस्त्यांवर दिसू लागल्या. महाराष्ट्रातील जुन्या पिढीच्या स्मरणात ‘कोळशाची गाडी’ या नावाने त्या दीर्घकाळ राहिल्या. निघण्यापूर्वी भट्टीला वारा घालून वायू ‘लागेपर्यंत’ थांबावे लागे, चढावर उतारूंना खाली उतरावे लागे व गाळणीतील राख वारंवार काढावी लागे. या गाड्यांची एंजिने मूळ पेट्रोलची, ५ ते ६ इतक्या अल्प संपीडन गुणोत्तराची होती. त्यांत बहुधा ठिणगी अधिक लवकर पाडण्यापलीकडे ज्वलनाच्या दृष्टीने फारसा बदल केला जात नसे. युद्ध संपून पेट्रोल उपलब्ध होताच ही वाहने नाहीशी झाली. इंधन स्थानिक व स्वस्त असले, तरी ते ज्या एंजिनात जाळावयाचे ते दुसऱ्या इंधनासाठी घडविलेले असेल, तर लाभाचा मोठा भाग वाया जातो, हा या अनुभवाचा धडा होय.

पूर्वकोठीचा विकास : डीझेल एंजिनात पूर्वकोठीचा वापर प्रोस्पर लोरांज यांनी जर्मनीत बेन्झ कंपनीत केला व १९०९ मध्ये त्याचे एकस्व घेतले. त्यांचा उद्देश इंधनतेलाचे सूक्ष्म कण हवेत चांगले मिसळावेत हा होता. ठिणगी-एंजिनात पूर्वकोठी वापरून मुख्य कोठीत विरल मिश्रण जाळण्याची कल्पना हॅरी रिकार्डो यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मांडली. पूर्वकोठीस स्वतंत्र झडप देऊन तीत समृद्ध मिश्रण सोडणे हे तिचे वैशिष्ट्य होते.

या कल्पनेला रासायनिक आधार रशियन शास्त्रज्ञांनी दिला. साखळी-विक्रियांवरील संशोधनाबद्दल निकोलाय सेम्योनॉव्ह यांना १९५६ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक (सिरिल हिंशलवुड यांच्याबरोबर विभागून) मिळाले. त्यांच्याच परंपरेत एल. ए. गुसाक यांनी असे दाखविले, की पूर्वकोठीतील अतिसमृद्ध मिश्रणाच्या अपुऱ्या ज्वलनातून निघणाऱ्या झोतात उष्णतेबरोबर क्रियाशील रासायनिक मूलकेही असतात व त्यांच्यामुळे एरव्ही न पेटणारे विरल मिश्रणही जलद पेटते. जपानमधील होंडा कंपनीने १९७२ मध्ये जाहीर केलेल्या मोटार-एंजिनात तिसऱ्या लहान झडपेतून पूर्वकोठीस समृद्ध मिश्रण पुरविले जाई. त्या एंजिनाने अमेरिकेच्या १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याच्या मर्यादा निष्कास वायूंसाठी उत्प्रेरक न वापरता पाळून दाखविल्या. मोटारींत पुढे त्रिमार्गी उत्प्रेरक प्रचारात आल्याने ही रचना मागे पडली. मात्र मोठ्या स्थिर वायू-एंजिनांत ती दृढमूल झाली. नैसर्गिक वायूचे नळमार्ग व विद्युत् केंद्रे यांतील अशा एंजिनांना नायट्रोजन ऑक्साइडे कमी करण्याचे बंधन आल्यावर विरल मिश्रण हाच मार्ग उरला व ते पेटविण्यासाठी पूर्वकोठी अपरिहार्य ठरली. या वर्गातील आधुनिक एंजिनांची कार्यक्षमता ४५ ते ५० टक्क्यांपर्यंत पोहोचली आहे.

रचना व कार्य : पूर्वकोठीचे आकारमान मुख्य कोठीच्या किमान आकारमानाच्या केवळ १ ते ३ टक्के असते. तिच्या टोकाशी काही मिमी. व्यासाची चार ते आठ छिद्रे असतात. तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात तिला स्वतंत्र इंधन मिळत नाही. संपीडनाच्या वेळी मुख्य कोठीतील मिश्रणच छिद्रांतून आत शिरते. दुसऱ्यात वेगळ्या झडपेतून शुद्ध वायू सोडून आतील मिश्रण सहज पेटण्याजोगे ठेवतात. ठिणगी पडताच पूर्वकोठीतील दाब झपाट्याने वाढतो व छिद्रांतून निघालेले झोत मुख्य कोठीत दूरवर शिरतात. एका बिंदूऐवजी अनेक ठिकाणी एकाच वेळी प्रज्वलन होते व झोतांमुळे निर्माण झालेल्या संक्षोभाने ज्योतीचे क्षेत्रफळ वाढते. परिणामी ज्वलनास लागणारा वेळ घटतो, आवर्तना-आवर्तनांतील फरक कमी होतो व ठोके पडण्याची प्रवृत्तीही मंदावते. आवश्यकतेच्या सु. दुप्पट हवा असलेले मिश्रणही अशा रीतीने जाळता येते. अधिक हवेमुळे ज्वलनाचे तापमान कमी राहते व नायट्रोजन ऑक्साइडे अल्प प्रमाणात निर्माण होतात.

या रचनेचे दोषही आहेत. लहान कोठीच्या भिंतींवाटे उष्णता वाया जाते. छिद्रे फार बारीक असल्यास ज्योत त्यांत विझते, तर फार मोठी असल्यास झोत दुबळे होतात. कोठीचे टोक अतितप्त होऊन अकाली प्रज्वलन होऊ शकते. आधीच्या आवर्तनाचे जळके वायू आत साचून राहिल्यास ठिणगी निष्फळ ठरते.

भारतातील प्रयत्न : १९७३ च्या तेलसंकटानंतर भारतात काष्ठवायूच्या अभ्यासाला पुन्हा चालना मिळाली. बंगलोर (आता बंगळुरू) येथील भारतीय विज्ञान संस्थेत १९८० नंतर वर उघड्या असलेल्या अधोगामी वायूजनकाचा विकास झाला. कर्नाटकातील होसहळ्ळी या खेड्यात १९८८ मध्ये अशा संयंत्रावर वीजपुरवठा सुरू करण्यात आला. महाराष्ट्रात फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाच्या पाचटासारख्या हलक्या व सुट्या पदार्थांसाठी वायूजनक तयार केले. केंद्र सरकारच्या १९८७ पासूनच्या कार्यक्रमात लहान पंपांसाठी अनुदानावर वायूजनक दिले गेले. त्यांतील बरेच लवकरच बंद पडले व सोबत मिळालेले डीझेल एंजिन तेवढे चालू राहिले.

या काळातील बहुतेक संच दुहेरी इंधनाचे होते. डीझेल एंजिनात हवेबरोबर काष्ठवायू ओढून घेत व नेहमीच्या अंतःक्षेपकातून थोडे डीझेल फवारून तो पेटवीत. यामुळे ७० ते ८५ टक्के डीझेल वाचे. प्रज्वलनाच्या दृष्टीने पाहता हा डीझेलचा फवारा पूर्वकोठीतील झोतांचेच काम करीत असे. तो कोठीत अनेक ठिकाणी एकदम पेट घेई व मंद वायूस जलद जाळी. यामुळे प्रज्वलनाचा प्रश्न सुटला, पण डीझेलवरील अवलंबन सुटले नाही. ज्या दुर्गम गावास डीझेल पोहोचत नाही म्हणून हा संच बसवावयाचा, तेथेच तो डीझेलअभावी अडून राही.

केवळ काष्ठवायूवर चालणाऱ्या ठिणगी-एंजिनाकडे म्हणूनच लक्ष वळले. काष्ठवायूच्या मंद ज्योतीमुळे व ठोक्यांच्या भीतीमुळे त्याचे संपीडन गुणोत्तर १२ पेक्षा अधिक ठेवू नये, असा समज दीर्घकाळ रूढ होता. भारतीय विज्ञान संस्थेतील जी. श्रीधर, पी. जे. पॉल व एच. एस. मुकुंद यांनी एका किर्लोस्कर डीझेल एंजिनाचे ठिणगी-एंजिनात रूपांतर करून ते १७ या मूळ गुणोत्तरावर चालविले. त्यात ठोके आढळले नाहीत व डीझेलच्या तुलनेत शक्तीतील घट एक-पंचमांशाहून कमी राहिली. हे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. मोठ्या संपीडनात ज्वलन अपेक्षेहून जलद झाल्याने ठिणगी फार आधी पाडण्याचीही आवश्यकता उरली नाही. दट्ट्या वरच्या टोकास पोहोचण्यापूर्वी ६ ते १० अंश एवढे अंतर पुरेसे ठरले. पुढे पुण्याच्या कमिन्स इंडिया कंपनीच्या नैसर्गिक वायू-एंजिनावरही काष्ठवायूच्या चाचण्या झाल्या. त्यांत वायू व हवा यांचे प्रमाण राखणारा स्वतंत्र कार्ब्युरेटर हा महत्त्वाचा भाग होता.

काष्ठवायू व पूर्वकोठी : वरील निष्कर्षांवरून पूर्वकोठीचे स्थान नेमके ठरविता येते. पूर्वकोठीची खरी गरज ज्योतीला दूर जावे लागते तेथे असते. सिलिंडराचा व्यास २० सेंमी.हून अधिक असलेल्या मोठ्या एंजिनात एका ठिणगीची ज्योत कडेपर्यंत वेळेवर पोहोचत नाही. खेड्यास पुरणाऱ्या १० ते २० किलोवॉट शक्तीच्या एंजिनाचा व्यास सु. १० ते १२ सेंमी. असतो. तेथे दट्ट्याच्या माथ्यावरील वाटीसारख्या पोकळीमुळे निर्माण होणारा संक्षोभ व उच्च संपीडन गुणोत्तर यांनीच ज्वलन पुरेसे जलद करता येते.

दुसरी अडचण इंधनाची आहे. स्वतंत्र झडपेच्या पूर्वकोठीस वायू दाबाखाली पुरवावा लागतो. नैसर्गिक वायूच्या अल्प अंशाने हे काम होते. पण काष्ठवायूचे कॅलरीमूल्य कमी असल्याने त्याचे मोठे घनफळ दाबावे लागते व त्यात शक्ती खर्ची पडते. शिवाय वायूत उरलेले डांबर थंड होऊन बारीक झडपेत व छिद्रांत चिकटते. सामान्य एंजिनासही दर घ.मी. वायूत १०० मिग्रॅ.पेक्षा कमी डांबर असावे लागते. पूर्वकोठीस याहूनही स्वच्छ वायू हवा. पूर्वकोठीस तेवढा बायोगॅस वा द्रवीकृत पेट्रोलियम वायू द्यावा व मुख्य कोठीत काष्ठवायू जाळावा, हा एक पर्याय आहे. परंतु तोही बाहेरचे इंधन पुन्हा आत आणतो. गुडदीच्याच जागी बसणारी, स्वतंत्र इंधन न लागणारी पूर्वकोठी-गुडदी ही त्यामानाने सोपी होय. तीही मुख्यतः मोठ्या वायू-एंजिनांतच रूढ झाली आहे.

धानाच्या तुसाची अडचण निराळी आहे. तुसात सु. एक-पंचमांश राख असून तीत मुख्यतः सिलिका असते. अधोगामी वायूजनकाच्या गळ्यात ती साचते व वायूचे प्रमाण सतत बदलते. मिश्रण असे अस्थिर असेल, तर कोणतीही प्रज्वलन-पद्धती नीट काम करू शकत नाही. देसाईगंज येथे तुसावर वीजनिर्मिती करताना वायू-एंजिनाऐवजी बाष्पित्र व वाफ टर्बाइन निवडले गेले, ते या दृष्टीने समजण्याजोगे आहे. बांबू हा चांगला वायू देतो, परंतु त्याच्या राखेत पोटॅशियमाचे प्रमाण अधिक असल्याने ती लवकर वितळून गोळे होतात.

लाकडाचा हिशेब : ज्वलनसुधारणेचे मोल पुढील उदाहरणावरून लक्षात येईल. कोरड्या लाकडाचे कॅलरीमूल्य दर किग्रॅ.ला १५.५ मेगॅजूल व वायूजनकाची कार्यक्षमता ७५ टक्के धरल्यास १ किग्रॅ. लाकडापासून वायूरूपाने सु. ११.६ मेगॅजूल ऊर्जा मिळते. एंजिन व जनित्र यांची एकत्रित कार्यक्षमता २२ टक्के असेल, तर एका युनिटास १.४ किग्रॅ. लाकूड लागते, ती २८ टक्के झाल्यास १.१ किग्रॅ. पुरते. दररोज ६ तास चालणाऱ्या १० किलोवॉटच्या संचाबाबत हा फरक दिवसाला १८ किग्रॅ. म्हणजे वर्षाला साडेसहा टनांहून अधिक होतो. ओल्या लाकडाने हा लाभ सहज नाहीसा होतो, कारण पाणी उडविण्यात उष्णता खर्ची पडून वायूजनकाचे तापमान उतरते, वायू निकृष्ट होतो व डांबर वाढते. चार महिने पावसाच्या या प्रदेशात लाकूड कापून, वाळवून, छपराखाली साठविणे हा ज्वलनसुधारणेचा पहिला टप्पा होय.

या हिशेबाला सामाजिक बाजूही आहे. केंद्र सरकारने २००४ मध्ये सुरू केलेल्या ग्राम ऊर्जा सुरक्षा कार्यक्रमात महाराष्ट्रासह काही राज्यांतील दुर्गम गावांत सु. १० किलोवॉटचे वायूजनक-एंजिन संच बसविण्यात आले. त्यांतील अनेक संच काही काळाने थांबले. लाकडाचा अनियमित पुरवठा, प्रशिक्षित चालकांचा अभाव, सुट्या भागांची अनुपलब्धता व वीजआकाराची अपुरी वसुली ही त्याची प्रमुख कारणे होती. पुढे विद्युत् तारांचा विस्तार व स्वस्त झालेले सौर घट यांमुळे दिवाबत्तीसाठी काष्ठवायूची निकड कमी झाली. दुसरीकडे, २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सु. १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाले व त्यानंतर गडचिरोली जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांना असे हक्क प्राप्त झाले. त्यामुळे एंजिनात जळणाऱ्या प्रत्येक किग्रॅ. लाकडाचा हिशेब शासकीय आगाराऐवजी ग्रामसभेपुढे मांडला जाण्याची स्थिती निर्माण झाली. बांबू विकून मिळणारे मोल व तो जाळून मिळणारी वीज यांची तुलना आता तेथेच होऊ शकते.

मूल्यमापन : ओटो यांच्या पेटत्या खोबणीपासून डीझेलच्या फवाऱ्यापर्यंत व तेथून आधुनिक पूर्वकोठीपर्यंतच्या इतिहासात एक सूत्र दिसते. मिश्रण जितके दुर्बल व कोठी जितकी मोठी, तितका पेटविणारा स्रोत बलवान व विस्तृत असावा लागतो. पूर्वकोठी हे या सूत्राचे सर्वांत विकसित रूप असले, तरी ते प्रत्येक ठिकाणी लागू पडणारे नाही. चंद्रपूर व गडचिरोलीच्या वनभागातील लहान एंजिनासाठी कोरडे इंधन, स्वच्छ वायू, स्थिर मिश्रण व उच्च संपीडन गुणोत्तर हा क्रम अधिक फलदायी ठरतो. आरागिरण्यांचे समूह वा मोठे वनोपज आगार अशा शेकडो किलोवॉट क्षमतेच्या ठिकाणी, जेथे वायू धुण्याची व गाळण्याची चोख व्यवस्था परवडते, तेथे पूर्वकोठीचा विचार करता येतो. वाफेच्या साहाय्याने वायूतील हायड्रोजनाचे प्रमाण वाढविणे हा तिला पूरक असा मार्ग आहे. ऑस्ट्रियातील ग्यूसिंग येथे २००१ च्या सुमारास सुरू झालेल्या संयंत्रात लाकडापासून असा हायड्रोजनसमृद्ध वायू काढून तो वायू-एंजिनात अनेक वर्षे जाळण्यात आला. कोणत्याही मार्गाने झाली, तरी ज्वलनातील सुधारणेचे अंतिम माप वनजिल्ह्यांत एकच राहते. ते म्हणजे एका युनिट विजेमागे वनातून आणाव्या लागणाऱ्या लाकडाचे वजन होय.